बेहड्याखालचा अबोला

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा राजे हत्तीवरून फिरत, आणि रस्ता सरळ न्यायचा की वळवून, हे वाटेतली जुनी झाडं ठरवत.

अशाच एका राज्यात झाडं फार. घरांपेक्षा जास्त, आणि घरांपेक्षा उंच. त्यांच्या सावलीत लोक सुखाने राहत. पण झाडं म्हातारी झाली की त्यांच्या फांद्या वाळतात, आणि वाळलेली फांदी कधी कुणाच्या कौलांवर येऊन बसेल, हे ती आधी सांगत नाही. म्हणून त्या राज्यात झाडावर चढून वाळक्या फांद्या उतरवणारी माणसं होती. फांदी कापणं सोपं असतं. ती कुणाच्या डोक्यावर न पाडता खाली आणणं, आणि तिच्यासोबत आपण स्वतः खाली न येणं, हे अवघड असतं.

या कामात रवळू आणि धाकोजी यांच्यासारखी जोडी दुसरी नव्हती. रवळू वर चढायचा, धाकोजी खाली दोर धरायचा. दोराचं एक टोक रवळूच्या कमरेला. तिथून दोर वरच्या बळकट बेचक्यातून ओवून खाली यायचा, बुंध्याला दोन वेढे घ्यायचा आणि धाकोजीच्या हातात थांबायचा. रवळूचा पाय निसटला, तर त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त धाकोजीचे दोन पंजे असत.

वरून रवळू म्हणायचा, "सैल." खालून धाकोजी म्हणायचा, "सैल दिला." वरून "ताण," की खालून "ताणला." वरून "फांदी येते," की खालून "येऊ दे." इतकंच बोलणं, पण ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं. लोक म्हणत, हे दोघं झाडावर काम करतात की झाडाला पाढे शिकवतात?

दोघांचं नातंही जवळचं. धाकोजीची थोरली बहीण येसू, ही रवळूची बायको. घरं एकाच अंगणात. धाकोजी रवळूला भावोजी म्हणायचा, आणि रवळू जेवायला बसला की आधी विचारायचा, "धाकोजी जेवला का?"

काम करायच्या आदल्या दिवशी दोघं झाड बघायला जात. उन्हं पूर्वेकडून असताना रवळू पूर्वेची बाजू बघायचा, उन्हं कलल्यावर धाकोजी पश्चिमेची. मग संध्याकाळी अंगणात बसून एकमेकांना सांगायचे. या फांदीला भेग आहे, त्या ढोलीत साप आहे, अमक्या ठिकाणी पाय द्यायचा नाही. अर्धं झाड याच्या डोळ्यांत, अर्धं त्याच्या. रात्रीपर्यंत दोघांच्या डोक्यात झाड पुरं व्हायचं.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग राजाने रवळूला शाल दिली.

झालं असं की, राणीच्या सज्जावर चिंचेची एक भली मोठी फांदी मोडून लोंबकळत होती. या दोघांनी ती अशी अलगद उतरवली की सज्जाचं एक कौलही हललं नाही. राजा खूश झाला. भर दरबारात रवळूच्या खांद्यावर शाल घातली. शाल घालता घालता राजाची नजर मागे उभ्या असलेल्या धाकोजीकडे गेली.

"हा कोण?" राजाने विचारलं.

राजाचा कारभारी शेजारीच होता. त्याला दरबारात लोकांना हसवायची भारी हौस. तो म्हणाला, "महाराज, तो दोर बांधायचा खुंटा."

राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला. आणि दरबार हसला तेव्हा रवळूही हसला.

धाकोजीला राजाच्या हसण्याचं काही वाटलं नाही. राजे हसतातच. कारभाऱ्याचंही नाही. पण रवळूचं हसणं त्याला लागलं, आणि लागलं ते अशा जागी की कुणाला दाखवताही येईना. जेवायच्या वेळी रवळूला पहिल्या पंगतीत बसवलं. धाकोजीला गाडीवानांबरोबर मागच्या अंगणात वाढलं. तिथे जिलबी पोचेपर्यंत जिलबीचा नुसता पाक राहिला होता.

त्या दिवसापासून धाकोजी रवळूशी बोलेनासा झाला.

रवळूला आधी कळलंच नाही. मग कळलं, पण कारण कळलं नाही. मग कारणही कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटणाऱ्या माणसाला पहिला शब्द काढणं फार जड जातं. तोही गप्प बसला. दोघांनाही वाटे, समोरचा आधी बोलेल.

मधल्यामध्ये येसूचे हाल झाले.

"ताई, त्यांना सांग, करवतीला धार लावून झाली," अंगणाच्या या टोकाकडून धाकोजी म्हणायचा. रवळू त्याच अंगणात, चार हातांवर बसलेला.

"त्याला सांग, ऐकलं मी," रवळू म्हणायचा.

"ताई, त्यांना सांग, ऐकलं असेल तर करवत उचलून ठेवा."

"अगं, त्याला सांग—"

एक दिवस येसूने हातातली परात खाली ठेवली. "मी याची बायको आहे, त्याची बहीण आहे, आणि आता तुम्ही दोघांनी मिळून मला जासूद केलंय. जासुदाला घोडा तरी मिळतो. आजपासून मी कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही. बोलायचं असेल तर बोला, नाहीतर दोघं मुके व्हा."

दोघं मुके झाले. लहानसहान कामं हाताच्या खुणांवर निभावली. झाडं बुटकी होती म्हणून निभावली.

आणि अशातच राजकन्येचं लग्न ठरलं.

वरात हत्तीवरून निघायची होती. वेशीजवळच्या वळणावर बेहड्याचं एक जुनं, प्रचंड झाड होतं. त्याची एक जाडजूड फांदी वाळून थेट रस्त्यावर आली होती. हत्तीवरच्या अंबारीत नवरा-नवरी बसली असती, तर फांदी बरोबर त्यांच्या मुंडावळ्यांपर्यंत आली असती.

कारभारी भल्या पहाटे रवळूच्या अंगणात आला. "उद्या फांदी उतरवायची."

रवळूने आभाळाकडे पाहिलं. "वारा सुटलाय, कारभारी. दोन दिवस थांबलं तर बरं. बेहडा उंच आहे."

"परवा मुहूर्त आहे. वाऱ्याला सांग थांबायला," कारभारी म्हणाला आणि स्वतःच हसला. मग जाता जाता त्याने सांगितलं, "आणि एक लक्षात ठेव. मंगल कार्य आहे. उद्यापासून कुणी अशुभ शब्द उच्चारायचा नाही."

एरवी अशा वेळी रवळूने धाकोजीकडे बघितलं असतं. धाकोजी नुसता 'नाही' म्हणून मान हलवायचा, आणि दोघांनी मिळून नाही म्हटलं की कारभारीही नमायचा. पण दोघांचं बोलणं बंद होतं. एकट्याने नाही म्हणायला रवळूला धीर झाला नाही, आणि धाकोजीला वाटलं, शालवाले आहेत, त्यांचं ते बघतील.

झाड बघायला दोघं गेले, पण एकेकटे. रवळूने सकाळी पूर्वेची बाजू बघितली. वाळकी फांदी मुळाशी पार पोकळ झालेली त्याला दिसली. ती कापून होईपर्यंत दम धरणार नव्हती. आणि तुटली असती ती सरळ रस्त्यावर न पडता, पिळवटून बुंध्याच्या मागच्या अंगाला, जिथे दोर धरणारा उभा राहतो, नेमकी तिथे.

धाकोजीने संध्याकाळी पश्चिमेची बाजू बघितली. पानांच्या आड, वरच्या एका हिरव्या फांदीखाली, सुपाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं.

दिवेलागणीला दोघं अंगणात आले. रवळू ओट्याच्या या टोकाला बसला, धाकोजी त्या टोकाला. एकाच्या पोटात पोकळ फांदी, एकाच्या पोटात मोहोळ. जेवण झालं. दोघं आपापल्या घरात गेले.

मात्र एक सांगायलाच हवं. झोपण्याआधी धाकोजीने दोर काढला. रोजच्यासारखे डोळे मिटून तो सबंध दोर बोटांमधून सरकवत तपासला. कुठे काथ्या झिजलाय का, कुठे उंदराचा दात लागलाय का, ते चाचपून पाहिलं. रागात असूनही त्याने त्यात वीतभरसुद्धा कुचराई केली नाही.

दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली जत्राच भरली. लोकांना फुकटात काही बघायला मिळालं की ते येतातच. कारभारी पालखीत बसून आला होता. वरातीसाठी रस्त्यात नवीकोरी कमान उभारली होती. आणि लोकांना लांब ठेवण्यासाठी कारभाऱ्याने राजाचा दवंडीवाला उभा केला होता, गळ्यात ढोल अडकवून.

दवंडीवाला बघितला आणि धाकोजीला हायसं वाटलं. निरोप सांगणारा माणूस मिळाला. तो त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "बाबा, भावोजींना एवढं सांगा. पश्चिमेला वर मोहोळ आहे. जपून."

दवंडीवाल्याचा जन्म दवंडी देण्यात गेलेला. त्याला कानात बोलणं माहीतच नव्हतं. शिवाय दवंडी लोकांकडे तोंड करून द्यायची असते, झाडाकडे नाही. त्याने लोकांकडे तोंड केलं आणि ढोल बडवला. ढुम ढुम ढुम.

"ऐका हो ऐका. समस्त प्रजाजनांस कळवण्यात येतं की पश्चिम दिशेला वरच्या अंगाला मोहोळ असून, त्याबद्दल सर्वांनी जपून आनंद करावा हो."

रवळू तेव्हा कमरेला दोर बांधत होता. ढोलामुळे त्याला शेवटचा 'आनंद करावा' तेवढाच ऐकू आला. त्याला वाटलं, लग्नाचीच काहीतरी दवंडी. धाकोजीला मात्र वाटलं, चला, निरोप पोचला.

आता रवळूच्याही मनात आलं, आपणही सांगून टाकावं. त्याने दवंडीवाल्याला बोलावलं. "त्याला सांगा, फांदी आतून पोकळ आहे. मागच्या अंगाला उभं राहू नकोस म्हणावं."

दवंडीवाला विचारात पडला. पोकळ हा काही शुभ शब्द नव्हे. आणि उभं राहू नकोस, हे लग्नाच्या आदल्या दिवशी कसं म्हणायचं? त्याने थोडी दुरुस्ती केली. ढुम ढुम ढुम.

"ऐका हो ऐका. फांदी आतून प्रशस्त आहे हो. ज्याने त्याने आपापल्या जागी सुखाने उभं राहावं हो."

धाकोजी मनात म्हणाला, शाल मिळाल्यापासून भावोजींची भाषाही सुधारली. आणि तो नेहमीच्या जागी, बुंध्याच्या मागच्या अंगाला, सुखाने उभा राहिला.

रवळू वर चढला. बेचक्यातून दोर ओवला, वाळक्या फांदीशेजारच्या हिरव्या फांदीवर बसला आणि करवत चालवू लागला. थोडं पुढे सरकायचं होतं. एरवी त्याने 'सैल' म्हटलं असतं आणि दुसऱ्या क्षणी दोर सैल झाला असता. आज तो दवंडीवाल्याकडे बघून ओरडला, "त्याला सांगा, सैल."

ढुम ढुम ढुम. "ऐका हो ऐका. वृक्षावर विराजमान असलेले रवळू असं इच्छितात की, दोर यथावकाश सैल करण्यात यावा हो."

दोर सैल होईपर्यंत रवळू एका पायावर वाऱ्यात डुलत होता.

"सांगा, ताण."

ढुम ढुम ढुम. "ऐका हो ऐका—"

खाली लोकांना मजा वाटत होती. कारभारी तर पालखीत मांडी ठोकून हसत होता. मजा फक्त मोहोळातल्या माश्यांना वाटत नव्हती. करवतीने झाड थरथरत होतं, वाऱ्याने फांद्या घुसळत होत्या, आणि त्यावर हा ढोल. मोहोळाच्या अंगावरून एक काळी लाट सरकली. मग दुसरी.

धाकोजीला ते खालून दिसलं. त्याच्या तोंडात 'भावोजी' हा शब्द आला. ओठांपर्यंत आला. तिथे त्याला खुंटा आठवला, आणि शब्द मागे फिरला. तो दवंडीवाल्याला म्हणाला, "लवकर सांगा त्यांना, माश्या उठतायत."

दवंडीवाल्याने आजवरच्या सगळ्यात जोरात ढोल बडवला.

आणि माश्या उठल्या.

पहिली माशी दवंडीवाल्याच्या नाकावर बसली. 'ऐका हो' म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, ते तसंच ठेवून तो पळाला. ढोल गळ्यातच होता, त्यामुळे तो पळताना आपोआप वाजत होता, आणि वाजत होता म्हणून माश्या त्याच्या मागे जात होत्या. क्षणात रस्ता ओस पडला. पालखीचे भोई पालखी टाकून पळाले. कारभारी पालखीतून उडी मारून धावला आणि हत्तींना पाणी पाजायच्या दगडी हौदात शिरला.

बेहड्याजवळ दोनच माणसं उरली. एक वर, एक खाली, आणि मध्ये दोर.

वर माश्यांनी रवळूला घेरलं. हात झटकताना त्याचा पाय निसटला आणि तो फांदीवरून सुटून दोराला लोंबकळू लागला. दोराला हिसका बसला, पण धाकोजीचे पंजे हलले नाहीत. तेवढ्यात अर्धी कापलेली वाळकी फांदी कडकडली. रवळूला वरून स्वच्छ दिसलं, ती कुठे जाणार ते. खाली बुंध्याच्या मागे, धाकोजीच्या टाळूवर.

आणि धाकोजीला खालून दिसलं की रवळूच्या चेहऱ्यावर माश्यांचा थर चढतोय आणि डोळे उघडेच आहेत.

निरोप नेणारं आता कुणी नव्हतं. दोघंही ओरडले. पण इतक्या दिवसांनी बोलायचं म्हणून दोघं एकाच वेळी ओरडले, त्यामुळे दोघांनाही काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणालास?" वरून रवळू.

"आधी तुम्ही बोला," खालून धाकोजी.

"नको, तू बोल."

"नाही भावोजी, तुम्ही मोठे."

फांदी पुन्हा कडकडली, नाहीतर ही मर्यादा आणखी बराच वेळ चालली असती.

"फांदी पोकळ आहे," रवळू ओरडला. "तुझ्यावर येतेय. दोर सोड आणि पळ."

दोर सोड. दोराला तो स्वतः लटकलेला होता, आणि तरी तो हे म्हणाला. धाकोजीला ते ऐकू आलं, आणि त्या एका क्षणात त्याच्या मनातली सगळी अढी गेली. ती कशी गेली, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही.

"दोर नाही सोडणार," तो म्हणाला. "डोळे मिटा. मी तुम्हाला खाली घेतो."

दोराचे वेढे न सुटू देता, एकेक पाऊल टाकत तो बुंध्याला वळसा घालून दुसऱ्या अंगाला आला. तो जिथून निघाला होता तिथे फांदी धाडकन आदळली, उसळली, आणि रस्त्यातली नवीकोरी कमान आणि कारभाऱ्याची रिकामी पालखी, दोन्ही बरोबर घेऊन आडवी झाली.

मग धाकोजी रवळूला खाली घेऊ लागला. माश्या त्याच्याही अंगावर आल्या होत्या. कानांत, पापण्यांवर, बोटांच्या मधल्या मऊ जागी. त्याने एकदाही हात झटकला नाही. दोर तो हाताहाताने सोडत राहिला.

"लवकर," रवळू कळवळला.

"लवकर सोडलं तर फारच लवकर पोचाल. सैल देतोय."

"दे."

"सैल दिला."

"कळलं."

रवळूचे पाय जमिनीला लागले. दोर सोडून दोघं हात धरून धावले, कारण एव्हाना दोघांच्याही डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या आणि एकट्याला दिसत नव्हतं. समोर हौद लागला. दोघांनी त्यात उड्या मारल्या, एकाने कारभाऱ्याच्या या बाजूला, दुसऱ्याने त्या बाजूला.

नुसती नाकं-तोंडं वर ठेवून तिघं पाण्यात बसले. वर माश्या घोंघावत होत्या.

बऱ्याच वेळाने धाकोजी म्हणाला, "तुम्ही हसलात."

"हो, हसलो," रवळू म्हणाला.

मधला कारभारी पाण्याखाली गेला.

"सगळे हसले म्हणून मीही हसलो. हसताना वाटलं, राजाच्या पंक्तीला बसलोय. घरी आल्यावर शाल पांघरली, तर ती अंगाला टोचायला लागली. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील, असं वाटत होतं."

"मलाही तसंच वाटत होतं," धाकोजी म्हणाला. "मोहोळ मला काल संध्याकाळीच दिसलं होतं, भावोजी. सांगितलं नाही. सांगितलं ते त्या ढोलवाल्याला."

"आणि मी पोकळ फांदी."

"ती प्रशस्त म्हणाला तो."

दोघं हसायला लागले. ओठ सुजलेले असल्यामुळे ते हसणं बेडकांच्या बोलण्यासारखं येत होतं. श्वास संपल्यामुळे कारभारी मध्येच वर आला.

"कारभारी, राग नाही तुमच्यावर," धाकोजी म्हणाला. "पण मी खुंटा नाही. खुंटा असतो ना, तर फांदी आली तेव्हाही त्याच जागी उभा राहिलो असतो, आणि फांदीखाली चिरडलो असतो. मी विचार करून जागा बदलली, दोर न सोडता."

कारभाऱ्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याची जीभ सुजली होती.

संध्याकाळी माश्या शांत झाल्या. राजा स्वतः आला. येसूही धावत आली. हौदातून तिघांना बाहेर काढलं, तेव्हा तिघांची तोंडं भोपळ्यासारखी सारखीच गरगरीत झाली होती. राजाला आपला कारभारी कोणता, ते ओळखू येईना. त्याने चुकून धाकोजीलाच विचारलं, "कारभारी, हे कसं झालं?"

धाकोजीने सगळं सांगितलं. शालीपासून हौदापर्यंत. आपलं न बोलणंही त्याने लपवलं नाही. दरबारात आपणही हसलो होतो, हे राजाला आठवलं. त्याने मोडलेल्या कमानीकडे बघितलं. त्या कमानीखालून उद्या त्याची लेक जायची होती.

"शाल आणा," राजा म्हणाला. "यालाही द्या."

"शाल नको, महाराज," धाकोजी म्हणाला. "द्यायचंच असेल तर एक वचन द्या. लग्नाला मुहूर्त असतो, तसा झाडाला नसतो. झाडावर कोणत्या दिवशी चढायचं, हे चढणारा आणि दोर धरणारा, दोघं मिळून ठरवतील. दोघांतला एक जरी नको म्हणाला, तरी त्या दिवशी काम नको. मग राजाची वरात अडली तरी चालेल."

"आणि काम चालू असताना झाडाखाली तिसऱ्या कुणी बोलू नये," रवळूने भर घातली. "ढोल तर नकोच."

"आणि जेवायला दोघांना एकाच पंगतीत बसवा," येसू म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

राजाने कारभाऱ्याकडे वळून विचारलं, "तुमची काही हरकत?"

कारभाऱ्याच्या हरकती पुष्कळ होत्या. पण त्याच्या तोंडातून "हूं" याशिवाय काही निघालं नाही. राजाने त्याला होकार समजून तिथल्या तिथे हुकूम काढला.

येसूने दोघांना घरी नेलं, ओट्यावर शेजारी शेजारी बसवलं, काटे काढले आणि सूज आलेल्या जागी कांद्याचा रस चोळला. दुखलं की दोघं एकदम कण्हत होते. "आता कसे एका सुरात," ती म्हणाली, आणि मग तोंड फिरवून जरा वेळ रडली. आपल्याला एकाच दिवशी काय काय गमवावं लागलं असतं, ते तिला आता कळत होतं.

राजकन्येची वरात दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेने निघाली. वाट थोडी लांबची होती, पण नवरा-नवरीला त्याचं काही वाटलं नाही. दवंडीवाला मात्र शेजारच्या राज्यात सापडला. ढोल अजून गळ्यातच होता.

पुढे त्या राज्यात एक रीत पडली. झाडाला हात लावण्याआधी दोघांनी बुंध्याशी समोरासमोर उभं राहायचं आणि एकमेकांना विचारायचं, "मनात काही आहे का?" असेल तर तिथेच बोलायचं. कधी कधी एवढं निघायचं की सबंध सकाळ भांडणात जायची. हातवारे व्हायचे, जुनी लग्नं निघायची, कुणाच्या बैलाने कुणाचं शेत खाल्लं तेही निघायचं. कारभारी लांब उभा राहून हात चोळायचा. पण हुकूम राजाचा होता, आणि झाडाखाली बोलायची त्याला बंदी होती.

भांडण संपलं की एक जण दोर कमरेला बांधायचा, दुसरा हातात घ्यायचा. वरून यायचं, "सैल." खालून जायचं, "सैल दिला." आणि संध्याकाळी दोघंही आपल्या पायांनी घरी जायचे.

तात्पर्य: ज्याच्या हातात आपला जीव असतो त्याच्याशी अबोला धरू नये, रुसवा असेल तर तो जमिनीवरच बोलून संपवावा आणि मगच वर चढावं.